थोरल्याची हिरवी, धाकट्याची तांबडी

गावात त्याला सगळे ओळंबा म्हणत. भिंत सरळ उभी आहे की कललेली, हे बघायला गवंडी दोरीला बांधलेलं पितळी वजन सोडतात, ते म्हणजे ओळंबा. या माणसाला ते वजन लागत नसे. एक डोळा मिटला, मान जराशी कलती केली, की दाराची चौकट कुठल्या अंगाला झुकली आहे ते तो सांगून टाकी. विचारलं नसलं तरी सांगे. त्यामुळे नवं घर बांधणारे लोक त्याला घर दाखवायचं शक्यतो टाळत. कुणाकडे गेलाच, तर चहा येईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करी आणि चहा आला की बशीतला कप. त्याची बायको म्हणे, "मला बघायला आले तेव्हासुद्धा ह्यांनी आधी एक डोळा मिटला. मला वाटलं, काय हा धीट माणूस, आईबापांसमोर डोळा मारतोय. म्हणून तर हो म्हटलं."

धंद्याने तो पेंटर, पाट्या रंगवणारा. पट्टी न लावता दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढायचा. ती अशी उतरे की नंतर पट्टी लावून बघणाऱ्याला आपल्याच पट्टीचा संशय यावा. एकदा लिहिलेलं खरवडून पुन्हा लिहायचं, ही गोष्ट त्याला ठाऊकच नव्हती. लिहिलं ते काळ्या दगडावरचं. अशा माणसाच्या वाट्याला लाकूड व्यापारी मंडळाची भिंत यावी, हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग.

पण भिंतीआधी साडू सांगायला हवा, कारण साडू कळल्याशिवाय ओळंब्याचा वैताग कळायचा नाही. बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. तरुणपणी ओळंब्याकडेच ब्रश धुवायला होता, आणि मेहुणीशी त्याची ओळख त्या टर्पेंटाइनच्या वासातच झाली. ही गोष्ट दोन्ही घरांत कुणी काढत नाही, म्हणून गावाला ती तोंडपाठ आहे. लग्न झालं तसा ब्रश सुटला आणि साडूने फ्लेक्स छापायचं मशीन आणलं. तेव्हापासून ओळंब्याच्या पाट्या एकेक करून उतरल्या आणि साडूचे फ्लेक्स चढले. आता दातांच्या डॉक्टरच्या दारावर जी बाई हसते तीच टायरच्या दुकानावरही हसते, आणि पतपेढीवरही तीच. ओळंबा म्हणे, हिला एवढं हसायला काय झालंय? सासूबाई म्हणत, "हसू दे हो. निदान गिऱ्हाईक येतं तिच्याकडे." सासूबाईंचा ओढा धाकट्या जावयाकडे होता. त्यांच्या खोलीत ओळंब्याने रंगवलेली फुलांची पट्टी होती, तिच्यावर साडूने फुलांचाच फ्लेक्स लावून दिला होता.

तर मंडळ. या गावाचा सगळा जीव लाकडात. मागच्या डोंगरांवर चीड, देवदार असली सुईसारख्या पानांची झाडं. त्यांचं मऊ लाकूड, व्यापारी ज्याला सॉफ्टवूड म्हणतात, ते चिरायचं, फळ्या नि वासे करायचे आणि परदेशी धाडायचे. गिऱ्हाईक मुख्यतः दोन देश. बोलताना त्यांची नावं कुणी घेत नसे. एक थोरला, एक धाकटा, एवढं पुरे. थोरला म्हणजे राक्षसासारखी भूक असलेला, एकेका वर्षी जंगलच्या जंगल गिळणारा. धाकटा बापडा जेमतेम चार घास खाणारा, पण अलीकडे त्याची भूक वाढली होती. मंडळातले बहुतेक व्यापारी थोरल्याला माल देणारे, अध्यक्ष त्यांचे म्होरके. धाकट्याकडे माल पाठवणारे मोजके, आणि त्यांच्या पुढारी गिरणीवाल्या काकू. काकूंची लाकूड चिरायची गिरणी नदीकाठी होती. काकू बोलू लागल्या की करवत बंद केली तरी चाले, असं त्यांचे कामगार म्हणत.

मंडळाने सभागृह नवं केलं आणि समोरच्या भल्यामोठ्या भिंतीवर काय असावं यावर चर्चा सुरू झाली. अध्यक्षांच्या मनात स्वतःचं चित्र होतं. पण ते आपण होऊन कसं सुचवायचं, म्हणून कुणीतरी सुचवेल याची ते वाट बघत बसले. कुणी सुचवेना. शेवटी चिटणीस म्हणाला, आलेख काढू. आपण धंदा सुरू केल्यापासून आजपर्यंत थोरल्याने आणि धाकट्याने दर वर्षी सगळ्या जगाकडून मिळून किती किमतीचं सॉफ्टवूड आणलं, त्याच्या दोन रेघा. बाहेरून व्यापारी येतात, बँकवाले येतात, त्यांना एका नजरेत दिसेल की कुठला देश कसा वाढला. अध्यक्षांच्या चित्रापेक्षा हे बरं, असं मनात म्हणत सगळ्यांनी माना डोलावल्या.

चिटणीस हा आकड्यांचा माणूस. सकाळी दात घासतानासुद्धा तो आरशाकडे न बघता आदल्या वर्षीच्या टक्केवारीकडे बघतो, असं त्याच्या घरचेच सांगत. त्याचं मत पडलं की भिंत हातानेच रंगवावी, शोभा येईल. अर्धी समिती म्हणाली फ्लेक्स लावा, झटपट काम. साडू बाहेर नमुने घेऊन बसलाच होता. बरीच घासाघीस होऊन ठरलं ते असं: ओळंब्याने रंगवावं. पण वार्षिक सभेपर्यंत भिंत पुरी झाली पाहिजे आणि सभेने ती मान्य केली पाहिजे. नाहीतर वरून फ्लेक्स.

त्या रविवारी सासूबाईंकडे सगळी मंडळी जेवायला जमली होती. साडू म्हणाला, "दादा, जमेल ना? नाहीतर माझ्याकडे तयार आहे." ओळंबा घास गिळून म्हणाला, "त्या भिंतीवर तुझा फ्लेक्स चढला, तर मी ब्रश खाली ठेवला म्हणून समज. कायमचा." सासूबाई म्हणाल्या, बरंच होईल, नाहीतरी शिडी चढताना तुमचे गुडघे वाजतात.

म्हणजे काय पणाला लागलं होतं, ते सगळ्या घराला ठाऊक होतं. घराला म्हणजे गावाला.

ओळंब्याने काम असं मांडलं की बघणाऱ्याने बघत राहावं. भिंतीच्या भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासली, प्रायमर दिला, वर दुधी रंगाचे हात चढवले. खडूची दोरी ताणून झटकली आणि चौकटी पाडल्या. खाली आडव्या ओळीत वर्षं, डाव्या अंगाला उभे आकडे. थोरल्याला हिरवा रंग, धाकट्याला तांबडा. आता अडचण एवढीच होती की आलेखाची रेघ सरळ नसते. आयुष्यभर सरळ ओढणाऱ्या हाताला दर वर्षी एक ठेच. वर, खाली, पुन्हा वर. घरी येऊन तो म्हणे, हे काम नव्हे, दारुड्याच्या मागे चालणं आहे. पण चिटणिसाच्या कागदावर जसं होतं तसं त्याने काढलं. एक व्यापारी येऊन वाद घालून गेला, की अमुक वर्षी माल कमी गेला होता, मला आठवतंय, ट्रक रिकामे उभे होते, मग रेघ वर कशी? चिटणिसाने समजावलं की त्या वर्षी भाव चढले होते, आणि ही किमतीची रेघ आहे, मालाची नव्हे. व्यापारी ओळंब्याकडे वळून म्हणाला, "तरी जरा खाली घ्या." ओळंब्याने ऐकलं नाही. तेव्हा त्याच्या अंगात तेवढी ताकद शिल्लक होती.

हिरवी रेघ माणसाच्या डोक्यावरून डोंगरासारखी गेली. तांबडी गेली जमिनीलगत. धाकट्याची आयात थोरल्याच्या मानाने इतकी चिमूटभर, की एकाच मापाने दोघांना मोजल्यावर तांबडी रेघ भिंतीच्या पायथ्याशी, फरशीपासून वीतभर उंचीवर सरपटत होती. पुढे खुर्च्यांची रांग. गिरणीवाल्या काकू आल्या, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि विचारलं, माझा देश कुठाय? ओळंब्याने खुर्चीच्या पायांकडे बोट दाखवलं. काकू काय काय म्हणाल्या ते लिहिण्यासारखं नाही. त्यातलं लिहिण्यासारखं एवढंच, की माझा देश खुर्चीच्या मागे लपलेला मी चालवून घेणार नाही.

समिती घाईने भरली. काकूंची मर्जी राखायची म्हणजे तांबडी वर आणायची, हे सगळ्यांनी त्यांना न विचारताच ठरवलं. तोड निघाली ती अशी: धाकट्याला वेगळी मोजपट्टी द्यावी. थोरल्याचे आकडे डावीकडे, धाकट्याचे उजवीकडे. डावीकडचं एक घर म्हणजे भला मोठा आकडा, उजवीकडचं तेवढंच घर म्हणजे चिल्लर.

ओळंब्याने आयुष्यात पहिल्यांदा रंग खरवडायची पत्री हातात घेतली आणि स्वतःच्या हातची रेघ खरवडली. त्या संध्याकाळी त्याने बशीतला कपसुद्धा सरळ केला नाही. बायकोने विचारलं, कुणाशी भांडलात? म्हणाला, "स्वतःशी. खरवडलं आज."

नव्या मापाने तांबडी उठली ती थेट हिरवीच्या गळ्यात पडली. दोन्ही रेघा एकमेकींत गुंतून चालल्या आणि अलीकडच्या एका वर्षी तांबडी चक्क हिरवीच्या वर गेली. अध्यक्ष सभागृहात आले आणि दारातच थबकले. "धाकट्याने थोरल्याला मागे टाकलं? कधी?" ओळंबा शिडीवरून म्हणाला, टाकलं नाही साहेब, उजवीकडची पट्टी वेगळी आहे. अध्यक्षांनी उजवीकडे बघितलंच नाही. कोण बघतं? भिंतीसमोर उभा राहणारा माणूस रेघ बघतो, आकडे बघत नाही. एक तरुण व्यापारी तर भिंत बघून उत्साहाने म्हणाला, मग आता आपला सगळा माल धाकट्याकडेच वळवू या! त्याच्या वडिलांनी त्याला कोपऱ्यात नेऊन बराच वेळ काहीतरी सांगितलं.

ओळंब्याने ही हकिगत घरी सांगितली. बायको कणीक मळत होती. ती म्हणाली, "बरोबरच आहे. माझ्या बहिणीला नि मला आई शेजारी उभं करून उंची बघायची, तेव्हा ती पाटावर चढून उभी राहायची. फोटोत अजून तीच उंच दिसते." ओळंबा म्हणाला, हेच तर सांगतोय मी त्यांना. बायको म्हणाली, सांगून काय होणार, आमच्या फोटोत पाट कुठे दिसतो?

एवढ्यात आणखी एक भानगड निघाली. घरचं झालं थोडं, व्याह्याने धाडलं घोडं. चिटणीस नवा कागद घेऊन आला. आलेखातली शेवटची काही वर्षं म्हणे तात्पुरती असतात. दोन्ही देश आधी अंदाजाने आकडे सांगतात, मग हळूहळू त्यांच्या बंदरांवरचे उशिरा आलेले हिशेब जमले की ते आकडे दुरुस्त करतात. आता थोरल्याने मागच्या दोन वर्षांचे आकडे दुरुस्त केले होते. ओळंब्याने विचारलं, मग पहिल्यांदा खोटे सांगितले होते? चिटणीस म्हणाला, खोटे नाहीत, तात्पुरते. ओळंब्याला यातला फरक काही केल्या पटेना. त्याच्या हिशेबी भिंतीवर चढलेली गोष्ट तात्पुरती असूच शकत नव्हती. पण हिरव्या रेघेचं शेपूट खरवडावं लागलंच. वाळलेल्या ऑइल पेंटवर पत्री फिरली की जो आवाज होतो, तो आपल्या दातांतून येतोय असं त्याला वाटे.

मग चिटणिसाला सुचली दुसरी तोड. पहिल्या वर्षाला दोघांसाठी शंभर धरायचं. दोघेही एकाच ठिपक्यावरून निघतील आणि कोण किती पट वाढला ते दिसेल. कुणाला पाटावर उभं करायला नको. समितीला हे फार न्याय्य वाटलं. न्याय्य गोष्टीत मेहनत कुणाची, हा प्रश्न समितीत येत नाही.

या वेळी दोन्ही रेघा खरवडायच्या होत्या. ओळंबा चिडला होता, थकला होता, आणि सभा जवळ आली होती. हिरवी नव्याने काढत असताना अध्यक्ष एकटेच आले. हातात दोन कप चहा, एक ओळंब्यासाठी. इकडचं तिकडचं झालं, गुडघ्यांची चौकशी झाली. मग त्यांनी हिरव्या रेघेतल्या एका वर्षाकडे बोट दाखवलं. त्या वर्षी थोरल्या देशात घरं बांधणं एकाएकी बंद पडलं होतं आणि त्याची आयात निम्म्यावर कोसळली होती. भिंतीवर तिथे चांगला खोल खड्डा येत होता. अध्यक्ष म्हणाले, हा खड्डा जरा भरून घे. एका वर्षाचा तर प्रश्न. बाहेरची माणसं येतात, बरं दिसत नाही.

खरं कारण गावाला ठाऊक होतं. मंदी येणार अशी कुजबुज होती तेव्हा हेच अध्यक्ष व्यासपीठावरून म्हणाले होते, काही होत नाही, निर्धास्त माल भरा. लोकांनी भरला होता.

ओळंब्याने नाही म्हणायला हवं होतं. त्याने आधी त्या व्यापाऱ्याला म्हटलंही होतं. पण इतक्या दिवसांच्या वर-खालीने वैतागलेला त्याचा हात त्या खड्ड्याच्या काठावर आला, आणि पलीकडचा काठ समोर दिसत होता. खाली उतरायचं नाही, सरळ ओलांडून जायचं. किती दिवसांनी एक सरळ रेघ! ब्रश फिरला. अशी सुरेख, एकजीव, नितळ रेघ पडली, की अध्यक्ष "वा" म्हणाले आणि ओळंब्यालाही, लाज वाटायच्या आधी, बरं वाटलं. लाज नंतर वाटली, पण तोवर चहा पिऊन झाला होता.

तांबडी मात्र हाताबाहेर गेली. धाकट्याने सुरुवात केली होती अगदी नखाएवढ्या आयातीने, त्यामुळे त्याची पटीतली वाढ अफाट. शंभरावरून निघालेली रेघ चढत चढत भिंतीच्या माथ्याला गेली, तरी वर्षं उरलीच. चिटणीस खालून कागद बघत म्हणाला, अजून वर. ओळंबा म्हणाला, वर छत आहे. चिटणीस म्हणाला, अहो, पण आकडा वर आहे. शेवटी तांबडीचं टोक छतावर वाकवून पंख्याच्या दिशेने न्यावं लागलं. हिरवी खाली मधोमध, सुतासारखी. धाकटा देश पंख्याला लटकलेला. ओळंबा खाली उतरला, एक डोळा मिटून बघायला गेला, आणि दुसराही मिटून घेतला.

साडू त्याच दिवशी मोबाइल घेऊन येऊन गेला. "दादा, फोटो काढतो हं एक. आठवण म्हणून." ओळंब्याला कळत नव्हतं असं नाही. पण भांडायला त्राण लागतं.

सभेला सभागृह भरलं होतं. साडू शेवटच्या रांगेत, मांडीवर गुंडाळी. कुजबुज अशी की फ्लेक्स छापूनच आणलाय, वरचं तांबडं टोक मशीनवर दाबून भिंतीत बसवलंय, सभेने भिंत नाकारली की तासाभरात चढवतो. ओळंबा भिंतीलगत उभा. नवा शर्ट होता, पण कोपराला हिरवा डाग लागलेलाच. बायको बायकांच्या रांगेत बहिणीशेजारी बसली होती आणि दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या.

अध्यक्षांनी प्रस्ताव मांडला, लोकांनी माना वर करून छत बघितलं, आणि कुणीतरी हसलं. मग हशा पसरला. पंखा सुरू केला तर धाकटा देश फिरेल का, असं एकाने विचारलं. साडू गुंडाळी सोडत उठलाच. चार जणांनी टोकं धरून फ्लेक्स उलगडून दाखवला. चकचकीत होता, खोटं कशाला बोला. तांबडी भिंतीत मावली होती आणि कोपऱ्यात ती हसणारी बाईही होती.

गिरणीवाल्या काकू पुढे आल्या. सगळ्यांना वाटलं, आता तांबडीबद्दल बोलतील. त्यांनी आधी फ्लेक्स पाहिला, मग भिंत पाहिली, आणि हिरव्या रेघेवर एका जागी बोट टेकवलं.

"इथला खड्डा कुठे गेला?"

अध्यक्ष पंख्याकडे बघू लागले.

काकू म्हणाल्या, "या वर्षी थोरल्याने माल घेणं थांबवलं. आमच्या गिरणीच्या अंगणात चिरलेलं लाकूड पावसात काळं पडलं. आमच्या ह्यांनी अंथरूण धरलं ते त्याच वर्षी, आणि परत उठले नाहीत. कामगार बसून होते. तेव्हा मी धाकट्याचं दार ठोठावलं, कारण दुसरं दार नव्हतं. या वर्षी त्याने घेतलं ते चिमूटभरच, पण घेतलं. हा खड्डा नसेल तर माझी तांबडी रेघ कशाला आहे इथे? शोभेला?"

चिटणीस कागद चाळू लागला. चेहरा पडला त्याचा; कागदावर खड्डा होता, भिंतीवर नव्हता, आणि त्याने ते बघितलंच नव्हतं. तो शेवटी आकडेच बघणारा माणूस, रेघ बघणारा नव्हे. कुणाच्या हातून झालं, असं सभेतून आवाज आले. अध्यक्षांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ओळंबा म्हणाला, "मी भरला."

कुणी सांगितलं होतं का, असं काकूंनी विचारलं. त्यांची नजर मात्र अध्यक्षांवर होती. सांगितलं असतं तर सुटला असता. पण त्याला ती रेघ ओढतानाचं हाताचं सुख आठवलं, आणि ते काही अध्यक्षांनी दिलेलं नव्हतं. म्हणाला, "ब्रश माझ्या हातात होता, काकू." आणि शिडीकडे गेला. भर सभेत चढला, खिशातून पत्री काढली आणि आपली सगळ्यात सुरेख रेघ खरवडायला लागला. त्या आवाजाने पहिल्या रांगेतल्यांनी दात आवळले. खाली त्याची बायको मान खाली घालून बसली होती. बहिणीने हळूच तिच्या हातावर हात ठेवला, आणि तिने तो काढला नाही.

अध्यक्षांनी घसा साफ केला. म्हणाले, त्या वर्षी मी माल भरा म्हणालो होतो, ते चुकलं. एवढं एकच वाक्य. पण ते काढायला त्यांना किती वर्षं लागली होती, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. लोक खाली बघत राहिले.

मग प्रश्न आला मोजपट्टीचा. चिटणीस तिसरी तोड सांगायला उभा राहिला, तेव्हा काकूंनी त्याला खाली बसवलं. म्हणाल्या, तेव्हाच विचारलं असतंत तर सांगितलं असतं. धाकटा छोटा आहे तर छोटाच दाखवा. एकच माप ठेवा. माझं म्हणणं एवढंच होतं की खुर्च्या हलवा.

खुर्च्या हलवा! ओळंबा शिडीवर, पत्री हातात, आणि खाली सगळी समिती एकमेकांकडे बघत. चार खुर्च्या सरकवायच्या सोडून याने भिंत तीनदा सोलली होती. त्याने वरून फक्त चिटणिसाकडे बघितलं. चिटणीस त्या क्षणी जे बघत होता ती टक्केवारी नक्कीच नव्हती.

साडूने प्रयत्न सोडला नाही. नवा छापून आणतो म्हणाला, खड्ड्यासकट. तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, आणि पुढच्या तिमाहीत थोरल्याने पुन्हा आकडे दुरुस्त केले तर? साडू म्हणाला, परत छापू. त्यानंतर? परत. मग काकूच म्हणाल्या की फ्लेक्स दर वेळी सगळा फेकायचा, त्यापेक्षा भिंतीचं शेपूट खरवडलेलं बरं. पेंटर गावातच आहे, जातोय कुठे. सभेने हात वर केले. भिंत ओळंब्याची झाली. फ्लेक्सची गुंडाळी पुन्हा बांधली गेली, आणि पुढे कितीतरी दिवस साडूच्या गाडीवर पावसात झाकण म्हणून उपयोगी पडली. खड्डा नसलेला थोरला देश आणि हसणारी बाई गावभर हिंडत.

जिंकला म्हणायचं तर जिंकला. सासूबाई म्हणाल्या, चला, आता गुडघे बघून घ्या. पण थोरल्या देशाला आणि धाकट्या देशाला ओळंब्याच्या गुडघ्यांचं काय? दोघेही आपापल्या सवडीने आकडे दुरुस्त करतात, आणि कधी दुरुस्त केलेले पुन्हा दुरुस्त करतात. दर तिमाहीला चिटणीस कागद घेऊन येतो, ओळंबा शिडी लावतो, शेवटची दोन वर्षं खरवडतो आणि नव्याने काढतो. सरळ रेघ ओढायचं कामही गावात आता उरलेलं नाही. साडू अधूनमधून येऊन शिडी धरतो. खालून विचारतो, "दादा, एक विचारू? मी हरलो म्हणजे नेमकं काय झालं?" ओळंबा वरून त्याच्यावर एक थेंब सांडतो. चुकून सांडतो, असं म्हणतो.

परवाचीच गोष्ट. ओळंब्याने खरवडून झालं होतं, ब्रश हिरव्या रंगात बुडवून झाला होता, हात भिंतीजवळ पोचला होता. खाली चिटणिसाचा फोन वाजला. त्याने पडदा बघितला, आणि मान वर करून म्हणाला, "जरा थांबा हं, त्यांचंच आलंय काहीतरी." रंग ब्रशवरून दांड्यावर आला, दांड्यावरून मनगटावर, आणि मनगटावरून सावकाश कोपराकडे निघाला. ओळंबा एक डोळा मिटून तसाच उभा राहिला.